ग्राफिक्स कार्डांच्या तुलनेत काटा कुठे मारला जातो

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीचा एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मशीन रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, आणि कार्ड जुनं जीटीएक्स १६६० सुपर. मॉनिटर नुकताच १४४०पीचा (म्हणजे चित्रात १४४० आडव्या ओळी) घेतलाय, म्हणून आता कार्ड बदलायचंय. घोळ दोन कार्डांत आहे: एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी. एका व्हिडिओत पहिलं वीस टक्के पुढे, दुसऱ्यात दोन्ही बरोबरीला, तिसऱ्यात दुसरंच पुढे. "दादा, यातलं खोटं कोण बोलतंय?"

बहुतेक वेळा कुणीच नाही. आकडे खरे असतात, पण प्रत्येकाच्या तराजूतला पासंग वेगळा असतो. मी पुण्यात सोळा वर्षं मशीन जोडून देतो. गिऱ्हाइकासमोर एक कार्ड काढून दुसरं लावून दाखवायचा उद्योग भरपूर केलाय. त्यातून एक सवय लागली: कुठलं कार्ड पुढे आलं हे बघायच्या आधी दोघांसाठी काय काय सारखं ठेवलं होतं ते शोधायचं. ते कुठे सांगितलेलंच नसेल तर तो तक्ता मी सोडून देतो.

आधी कार्ड नेमकं कुठलं ते बघ. तू '१६ जीबी' असं स्पष्ट लिहिलंस ते फार बरं केलंस, कारण ही दोन्ही कार्डं ८ जीबीमध्येही येतात आणि खोक्यावरचं मोठ्या अक्षरातलं नाव तेच असतं. हा खेळ जुना आहे. जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरी घेऊन आलं. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर४ वालं आलं, आणि त्याच्या मेमरीचा वेग मूळच्या साधारण एक तृतीयांश होता. आरटीएक्स ३०६० चं तसंच: मूळ कार्ड १२ जीबी आणि १९२ बिटचं (हा मेमरीच्या रस्त्याचा रुंदपणा), मागाहून आलेलं ८ जीबी आणि १२८ बिटचं, नाव मात्र ३०६० च. त्यामुळे '५०६० टीआय विरुद्ध ९०६० एक्सटी' एवढंच शीर्षक असलेल्या व्हिडिओत एका बाजूला १६ जीबी आणि दुसऱ्या बाजूला ८ जीबी असेल तर पहिल्या मिनिटालाच बंद कर.

आणखी एक गोष्ट. या दोन्ही मॉडेलांमध्ये एनव्हिडिया किंवा एएमडीने स्वतः बनवलेलं मूळ कार्ड नाही. बाजारात जे आहे ते सगळं भागीदार कंपन्यांनी बनवलेलं. म्हणजे एका चाचणीत तीन पंख्यांचं, कारखान्यातूनच वेग वाढवून आलेलं महाग कार्ड असू शकतं आणि समोर दोन पंख्यांचं सगळ्यांत स्वस्त. त्याने फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाला किती चित्रं निघतात त्यात, दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो, आवाजात मात्र बराच. आवाज आणि तापमान हे चिपचे गुण नाहीत, त्या विशिष्ट कार्डाचे आहेत. 'एएमडी तापतं' किंवा 'एनव्हिडिया थंड चालतं' असं सरसकट कुणी सांगितलं तर कुठलं कार्ड, कुठल्या कंपनीचं, एवढं विचार.

आता खरी मेख. दोन कार्डं सारखंच चित्र काढत होती का?

पूर्वी हे सोपं होतं. सेटिंग सारखी ठेवली की चित्र सारखं, असं धरून चालायचं. तेव्हाही फसवाफसवी होतीच. २००१ मध्ये एटीआयच्या (ही कंपनी पुढे एएमडीने घेतली) रेडिऑन ८५०० चा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, क्वेक ३ हा गेम त्याच्या फाइलच्या नावावरून ओळखायचा आणि टेक्श्चरचा, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्राचा, दर्जा गुपचूप उतरवायचा. कुणीतरी फाइलचं नाव 'क्वेक'चं 'क्वॅक' केलं आणि वेग लगेच खाली आला! दोन वर्षांनी थ्रीडीमार्क०३ या वेगचाचणीत एनव्हिडियाचे ड्रायव्हर असेच पकडले गेले. दोन्ही घराण्यांचे हात बरबटलेले आहेत, म्हणून कुणाची बाजू घेऊन भांडण्यात मला कधीच रस वाटला नाही.

आज हे उघडपणे होतं, आणि त्याला सुविधा म्हणतात. एनव्हिडियाचं डीएलएसएस, एएमडीचं एफएसआर, इंटेलचं एक्सईएसएस ही तिन्ही तंत्रं गेम कमी रिझोल्यूशनवर काढतात आणि मग चित्र मोठं करतात. तुझ्या १४४०पी मॉनिटरवर डीएलएसएस किंवा एफएसआर 'क्वालिटी'वर ठेवलंस तर आत गेम ९६० ओळींवर चालतो. इंटेलच्या एक्सईएसएसने २०२४ मध्ये १.३ आवृत्तीत पातळ्यांची नावं सरकवली. त्यांच्या 'क्वालिटी'त आता ८४७ च्या आसपास ओळी येतात. पिक्सेलच्या भाषेत एकीकडे ४४ टक्के, दुसरीकडे ३५. तिन्ही ठिकाणी 'क्वालिटी' निवडून तक्ता केला तर तो प्रामाणिक दिसतो, पण एकाला काम कमी पडलेलं असतं.

ओळी सारख्या असल्या तरी चित्र सारखं नसतं, हा पुढचा पेच. एफएसआरचा चौथा अवतार मार्च २०२५ मध्ये आरएक्स ९०७० सोबत आला. त्याचं चित्र आधीच्या एफएसआरपेक्षा खूपच स्वच्छ आहे. पण गेममध्ये तो चालत नसेल तर ९०६० एक्सटीला जुन्या एफएसआरवर भागवावं लागतं, आणि मग पाणी, केस, तारेच्या जाळ्या यांच्या कडा लुकलुकतात. तिथे ५०६० टीआयचं डीएलएसएस चित्राच्या बाबतीत सरळ जिंकतं, फ्रेमचा आकडा काहीही म्हणो. त्यामुळे मी दोन हिशेब वेगळे ठेवतो. आधी सगळं बंद करून मूळ रिझोल्यूशनवर, म्हणजे चिपची ताकद कळते. मग प्रत्येक कार्डाला त्याचं सगळ्यांत चांगलं तंत्र देऊन, आणि त्या वेळी आकड्यासोबत चित्र डोळ्यांनी बघायचं. हे दोन हिशेब एकाच रकान्यात कोंबले की तक्ता बाद.

फ्रेम जनरेशनला, म्हणजे खऱ्या फ्रेमांच्या मध्ये बनवलेल्या फ्रेम घुसवायच्या तंत्राला, तर मी वेगाच्या रकान्यात जागाच देत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी व्यासपीठावरून आरटीएक्स ५०७० म्हणजे ५४९ डॉलरमध्ये ४०९० ची कामगिरी, असं सांगितलं होतं. तो हिशेब एका खऱ्या फ्रेममागे तीन बनवलेल्या फ्रेम धरून होता. बनवलेल्या फ्रेममुळे हालचाल गुळगुळीत दिसते, हे खरं आहे आणि उपयोगाचंही आहे. पण तू माउस हलवलास तर त्याला उत्तर फक्त खऱ्या फ्रेममध्ये मिळतं. मुळात ७०-८० फ्रेम मिळत असतील तर ही सोय मजेची आहे. मुळात ३० मिळत असतील तर पडद्यावर ११० लिहून येईल आणि हाताला चिखलात चालल्यासारखं वाटेल. 'व्हिडिओत १४० दाखवतात' असं कुणी म्हणालं की मी विचारतो, त्यातल्या खऱ्या किती?

मेमरी कमी पडल्यावरही चित्र बदलतं, आणि हे सगळ्यांत लबाड प्रकरण आहे. ८ जीबीचं कार्ड भरलं की दर वेळी गेम अडखळतोच असं नाही. हॉगवर्ट्स लेगसी, हॅलो इन्फिनिट यांसारख्या गेममध्ये टेक्श्चर नीट लोड न होता भिंती-कपडे धूसर दिसायचे, फ्रेमचा आकडा मात्र ठणठणीत. तक्त्यात हे कार्ड पास. तू १६ जीबीवर ठाम आहेस म्हणून यावर जास्त लिहीत नाही. त्यावरून खाली उतरू नकोस, एवढंच.

आता सरासरीचा हिशेब. तू म्हणतोस त्या वीस टक्क्यांचा उगम मला इथे वाटतो. समज, दोनच गेम आहेत. पहिल्यात 'अ' कार्ड ३०० फ्रेम देतं आणि 'ब' २४०. दुसऱ्यात 'अ' ६० देतं आणि 'ब' ७२. साधी सरासरी काढ: १८० विरुद्ध १५६. 'अ' पंधरा टक्के पुढे, व्हिडिओचं शीर्षक तयार. आता तेच आकडे गुणोत्तराने बघ. पहिल्या गेममध्ये 'अ' १.२५ पट, दुसऱ्यात ०.८३ पट. दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की १.०२ येतं, म्हणजे जेमतेम दोन टक्के. कारण साध्या सरासरीत ज्या गेमचे आकडे मोठे, त्याचं वजन जास्त पडतं. एक व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारखा हलका गेम यादीत घुसवला की दहा जड गेमचा आवाज दबतो.

वेळेत बघितलं तर गंमत आणखी वाढते. ३०० आणि २४० मधला फरक प्रत्येक फ्रेममागे ०.८ मिलिसेकंद, तो तुलाही कळणार नाही आणि मलाही. ६० आणि ७२ मधला फरक २.८ मिलिसेकंद, तो हाताला कळतो. म्हणजे ज्या गेममध्ये फरक जाणवतो त्यात 'ब' पुढे आहे, आणि शीर्षकात 'अ'. फ्रेमऐवजी वेळ मोजायची ही दृष्टी काही नवी नाही. टेक रिपोर्ट या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये एका सेकंदाच्या आत काय चाललंय हे मोजून दाखवलं, तेव्हापासून सरासरीच्या जोडीला 'एक टक्का लो' छापायची पद्धत रुळत गेली. तोही आकडा जपून घे. कुणी सगळ्यांत वाईट एक टक्का फ्रेमची सरासरी काढतं, तर कुणी नव्व्याण्णवाव्या टक्क्यावरची एकच फ्रेम घेतं. एकाच चाचणीतली दोन कार्डं त्यावर तोलता येतात, पण दोन वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत.

माझी स्वतःची एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका गिऱ्हाइकाला दोन कार्डं दाखवत होतो. पहिलं सकाळी दहाला लावलं, मग गप्पा, जेवण, आणि दुसरं दुपारी तीनला. दुसरं सगळीकडे पाच टक्के मागे. त्याने पहिलं पसंत केलं आणि पैसे काढायला लागला. मला मात्र आकडे खटकत होते, म्हणून संध्याकाळी क्रम उलटा करून परत लावली. मागचं कार्ड पुढे! खोलीत एसी नव्हता, पत्र्याचं छप्पर होतं, आणि मी कार्डं नव्हे तर दुपारचं ऊन मोजत होतो. तेव्हापासून नियम असा: कार्ड आधी दहा-पंधरा मिनिटं गेमने तापवायचं, खोलीचं तापमान लिहून ठेवायचं, प्रत्येक गेम तीनदा चालवायचा आणि पहिली खेप टाकून द्यायची, कारण पहिल्या खेपेला शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात आणि झटके त्याचेच बसतात. एवढं करूनही एक-दोन टक्के इकडचे तिकडे होतातच. तीन टक्क्यांच्या आतला फरक मी बरोबरीच समजतो.

इथवर परीक्षकाचं काम. यापुढचं तुझं आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे.

परीक्षक कार्ड मोजताना रायझन ७ ९८००एक्सथ्रीडीसारखा अव्वल प्रोसेसर लावतात. ते बरोबरच आहे, त्यांना फक्त कार्ड मोजायचंय. तुझ्याकडे ३६०० आहे. फ्रेम आधी प्रोसेसर तयार करतो, मग कार्ड रंगवतं. प्रोसेसरला सेकंदाला ९० च फ्रेम जमत असतील तर कार्ड १३० चं असो की १२२ चं, तुला ९० च दिसणार. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये आलं तेव्हा अव्वल प्रोसेसरवर आरटीएक्स ४०६० च्या पुढे होतं आणि सगळे खूश झाले. जानेवारीत लोकांनी तेच कार्ड रायझन ५ २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर लावून पाहिलं, तर काही गेममध्ये ते ४०६० च्या मागे पडलं. त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून जास्त काम करून घेतो म्हणून. कमीअधिक प्रमाणात हे इतरांचंही आहे. २०२१ मध्ये डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये जुन्या प्रोसेसरवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर रेडिऑनपेक्षा जड पडतो असं दिसलं होतं.

हे तुला दोन्हीपैकी एकही कार्ड विकत न घेता मोजता येतं. तू जे चार-पाच गेम खरोखर खेळतोस ते घे. सेटिंग तुला नव्या कार्डावर हवी तशीच ठेव, फक्त टेक्श्चर जरा उतरव, कारण १६६० सुपरची मेमरी ६ जीबीच आहे. मग रिझोल्यूशन ७२०पीला आण, किंवा एफएसआर सगळ्यांत खालच्या पातळीवर ठेव. गर्दी, दूरवरची दृश्यं, सावल्या यांना हात लावू नकोस, ते प्रोसेसरचं काम आहे. गेममधली सगळ्यांत गजबजलेली जागा गाठ. सायबरपंक असेल तर डॉगटाउनचा बाजार. गेमच्या आतल्या तयार बेंचमार्कवर (वेगचाचणीवर) जाऊ नकोस, तो बऱ्याचदा खऱ्या खेळापेक्षा सौम्य असतो. कॅपफ्रेमएक्स किंवा प्रेझेंटमॉन या फ्रेम मोजायच्या सॉफ्टवेअरने मिनिटभर मोज, आणि कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या खाली आलाय ना ते बघ. येईल तो आकडा म्हणजे साधारण तुझं छत, तुझ्या प्रोसेसरची वरची मर्यादा. आता परीक्षकांच्या तक्त्यात १४४०पीचे आकडे बघ आणि दोन्ही कार्डांपुढे लिही: तक्त्यातला आकडा किंवा तुझं छत, जो कमी असेल तो. हाच तुझा तक्ता. माझा अंदाज सांगतो, स्पर्धेच्या हलक्या गेममध्ये दोन्ही रकाने हुबेहूब सारखे येतील आणि जड गेममध्येच काय तो फरक राहील.

तुझ्या बोर्डाची एक गोष्ट यात धरावी लागेल. बी४५० वर पीसीआयई ३.० (कार्डाला बोर्डाशी जोडणाऱ्या रस्त्याची जुनी पिढी) आहे. ५०६० टीआय स्लॉटच्या आठच मार्गिका वापरतं, ९०६० एक्सटी सोळा. नव्या बोर्डावर आठ पुरतात. तुझ्याकडे एकाला सेकंदाला साधारण ८ जीबीचा रस्ता मिळेल आणि दुसऱ्याला १६ चा. १६ जीबीच्या कार्डात सगळं आत मावतं तोवर याने फार बिघडत नाही, काही टक्के इतकंच. ८ जीबीचं ५०६० टीआय मात्र अशा बोर्डावर घेऊ नये, कारण मेमरी उतू गेली की सगळी वाहतूक त्याच अरुंद रस्त्यावर येते. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम गाठू देणारी सोय, सुरू कर, त्यासाठी बायोस अद्ययावत करावं लागेल. रॅमची एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू आहे का तेही बघ. दर दुसऱ्या मशीनवर ती बंद सापडते.

किमतीवर. डॉलरमधले आकडे कराशिवायचे असतात, आपल्याकडे १८ टक्के जीएसटी धरून बघायचं. एप्रिल २०२५ मध्ये ५०६० टीआय १६ जीबी ४२९ डॉलरला बाजारात आलं, जूनमध्ये ९०६० एक्सटी १६ जीबी ३४९ ला. म्हणजे पहिलं जवळपास तेवीस टक्के महाग. प्रोसेसर आड न येता कार्डच मर्यादा ठरवेल अशा चाचण्यांत, मूळ रिझोल्यूशनवर, किरण-अनुरेखन (रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करून काढलेली प्रतिबिंबं-सावल्या) बंद ठेवून, ५०६० टीआय सरासरीत एकआकडी टक्क्यांनी पुढे असतं. ते सुरू केलं की अंतर वाढतं. पण दुकानातला भाव जाहीर भावाशी इमान राखत नाही, म्हणून घ्यायच्या आठवड्यात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा, तुझ्या गावातला आणि ऑनलाइन असे तिन्ही भाव एकाच दिवशी विचार. बिलासकटचेच भाव. बिनबिलाचं कार्ड दोन हजारांनी स्वस्त पडतं आणि वॉरंटीच्या वेळी दुकानदार ओळख दाखवत नाही. माझ्याकडे अशी बंद पडलेली कार्डं घेऊन रडवेली झालेली पोरं दरवर्षी येतात.

विजेचा मुद्दा लोक उगाच ताणतात. जाहीर आकडे १८० आणि १६० वॉट. रोज चार तास खेळलास तरी २० वॉटचा फरक वर्षाला तीसेक युनिट. पॉवर सप्लाय चांगल्या बनावटीचा ५५० वॉटचा असला तर दोन्ही चालतील. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे वॉट मात्र जुन्या कार्डांशी ताडू नकोस. आरएक्स ६००० पर्यंतची रेडिऑन फक्त चिपचा खर्च दाखवायची, एनव्हिडिया अख्ख्या कार्डाचा.

तर तुझ्यासाठी माझं मत. फक्त खेळणार असशील आणि भावात दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर ९०६० एक्सटी १६ जीबी घे. वाचलेल्या पैशात थोडी भर घालून ३६०० च्या जागी त्याच बोर्डावर बसणारा रायझन ५ ५६०० किंवा ७ ५७००एक्स टाक. छत वर गेलं की दोन कार्डांमधल्या फरकापेक्षा जास्त तुला त्यानेच मिळेल. ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर), किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कुडावर (एनव्हिडियाची आकडेमोडीची प्रणाली) चालणारं काही करणार असशील तर ५०६० टीआय घे आणि हे फ्रेमचे तक्ते बाजूला ठेव, कारण तिथे स्पर्धाच वेगळी आहे. सायबरपंक पाथ ट्रेसिंगवर (रे ट्रेसिंगचा सगळ्यांत जड प्रकार) खेळायचा हट्ट असेल तरीही तेच.

आधी ते ७२०पीचं मोजून घे. पाच गेम, पाच आकडे. ते हातात आले की मला पाठव, मग भावावर बोलू.